पंच क्रमांक दोन

सुमनवहिनी, वैशाली, कोर्टातली वकील मंडळी आणि आपल्या गल्लीतले तुम्ही सगळे.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मग हो म्हणालो. आज सकाळी पुन्हा नाही म्हणणार होतो. मी चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस. दिवसभर बोलतो, पण ते ‘वरची ओळ दिसते का, खालची दिसते का’ एवढंच. शामरावजींचा फोटो समोर ठेवून त्यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे वेगळंच काम. आणि मला जे सांगायचं आहे ते शोकसभेत शोभणारं नाही. वहिनींना काल विचारलं. त्या म्हणाल्या, “बोला भाऊ. तुम्ही कधी बोलता त्याचीच वाट पाहून राहिले मी.”

शामरावजी आयुष्यभर जिल्हा कोर्टासमोर टायपिंग करायचे. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. हातानं लिहिलेला पोलिसांचा पंचनामा कोणालाच वाचता येत नसे, म्हणून वकील मंडळी तो त्यांच्याकडे टाइप करायला आणायची. बायाबापड्यांसाठी सांगतो, घराची झडती घेताना त्याच वस्तीतली दोन माणसं साक्षीला उभी करावी लागतात. ते दोघं पंच. त्यांच्यासमोर जे सापडलं ते लिहायचं, तो पंचनामा. असे किती पंचनामे शामरावजींच्या बोटांखालून गेले असतील, तेच जाणोत.

रोज सकाळी ते माझ्या दुकानात चहाला यायचे. ते जय भीम म्हणायचे, मी राम राम म्हणायचो, आणि मग पेपर वाचण्याआधी भांडायचो. एकदा म्हणाले, “केशव, तुले माहीत आहे का गा? झडती घ्यायले आलेल्यांनी आधी आपली झडती द्यावी लागते. घरवाल्यानं त्यांचे खिसे पाहायचे. मग ते आत.”

मी हसलो. म्हटलं, “पोलिसाचे खिसे कोण पाहते, शामरावजी?”

“कोणीच नाही पाहत. पण दरेक पंचनाम्यात पाहिले म्हणून लिहिलं राहते. मीच टाइप करून राहिलो ना इतके वर्ष.”

मी विचारलं, मग संविधानात झडतीबद्दल वेगळं कलम काहून नाही? ते म्हणाले, “वेगळं नाही. पण एकविसाव्यात सगळं आहे. जीव अन् मोकळीक. आपल्या घराचं दार त्याच्यातच आलं, फोनही त्याच्यातच आला. फक्त ते कलम आपल्या दारात येऊन उभं नाही राहत. तिथं माणसालेच उभं राहावं लागते.”

मंडळी, ते उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी तो खांब आला, तुम्ही रोज त्याच्याखालून जाता. त्यावरच्या कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे नाही, वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आहे. शामरावजींनी अर्ज केला. हे चित्र कोण पाहतं? कोणाच्या हुकमानं? किती दिवस ठेवतं? उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही. त्यांनी अपील केलं. मग त्यांचा फोन उगाच तापायला लागला. दोन वेळा त्यांनी कोणाला फोनवर सांगितलेली गोष्ट अनोळखी माणसानं त्यांनाच रस्त्यात ऐकवली. तेव्हापासून ते घरी आले की फोन गव्हाच्या डब्यात ठेवायचे. मी चिडवलं, “फोनले उबवून राहिले काय, शामरावजी?” ते म्हणाले, “हस तू. तुझ्याही फोनचं पिल्लू निघन एक दिवस.”

आपण सगळेच हसलो होतो. आठवा.

मग तो दिवस. मी दुकानाचं शटर उघडत होतो. पोलिसांची जीप थांबली. एक साहेब म्हणाले, “दोन मिनिटं या, साक्षीला पाहिजे.” कोणाच्या घरी, ते गल्लीत वळल्यावर कळलं. पंच क्रमांक एक जीपमधूनच आला होता. पंच वस्तीतला लागतो ना? त्या माणसाला मी त्याआधी आपल्या महाल भागात कधी पाहिलं नाही. नंतरही नाही.

शामरावजी बनियनवर दारात आले. सांगण्यात आलं की त्यांच्या फोनवरून कुठलासा मेसेज फिरला आहे. कुठला? तो आजपर्यंत कोणी दाखवला नाही. शामरावजी शांतपणे म्हणाले, “या. आधी तुमची झडती देता ना?” साहेब हसले. “काकाजी, कायले टाइम घालवता,” म्हणाले आणि त्यांच्या बाजूनं आत गेले. शामरावजींनी माझ्याकडे पाहिलं. पंच म्हणून मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी फरशीकडे पाहिलं.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. हळू सांगतो. ज्यांना लिहून घ्यायचं असेल त्यांनी लिहून घ्या.

मी पाहिलं की फोन गव्हाच्या डब्यातून काढला आणि साध्या कपड्यातल्या एका माणसानं शर्टाच्या खिशात टाकला. पाकीट नव्हतं. सील नव्हतं. मी पाहिलं की टायपिंगच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. त्यात स्टेपलर होता, कार्बन पेपर होते, वहिनींच्या बीपीच्या गोळ्या होत्या. पेनड्राइव्ह नव्हता. मी टेबलाला लागून उभा होतो. पेनड्राइव्ह नव्हता. झडतीचा व्हिडिओ काढावा लागतो, तो बाहेरच्या खोलीत काढला. ड्रॉवरच्या वेळी म्हणे मोबाइलची बॅटरी उतरली.

मग कागद समोर आला. “इथं करा सही.” माझा चष्मा दुकानात राहिला होता. गावाला चष्मे विकणारा मी, आणि मला तो कागद मुंग्यांनी भरलेला दिसत होता. म्हटलं, चष्मा आणतो, वाचतो. साहेब हसून म्हणाले, “तुमच्या मुलाच्या पासपोर्टचं व्हेरिफिकेशन आमच्याकडेच आलं आहे ना?” त्यांच्याकडेच येतं, त्यांना माहीत असणारच. पण ते नेमकं तेव्हाच काहून आठवावं?

मी सही केली. शामरावजींच्या घरात, शामरावजींच्या पेनानं.

पंधरा-वीस दिवसांनी ते दुकानात आले. जवळचा नंबर बदलला होता, नवा चष्मा तयार होता. मी वाचायला कार्ड पुढं केलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. वकिलांमार्फत मिळालेली पंचनाम्याची प्रत होती. “प्रथम आम्ही आमची अंगझडती दिली.” पुढं, “फोन पंचांसमक्ष पाकिटात घालून सीलबंद केला.” पुढं, “टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक काळा पेनड्राइव्ह मिळून आला.” आणि शेवटी, “पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे.” मग माझं नाव. माझी सही. पंच क्रमांक दोन.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “नंबर बरोबर आहे, केशव,” म्हणाले. “सगळं स्वच्छ दिसते.” आणि चहा न घेता गेले.

त्यांनी मला कधी काही मागितलं नाही. एक शब्द नाही. मागितलं असतं तर मी भांडलो तरी असतो. मी स्वतःला सांगत राहिलो, पासपोर्ट येऊ दे, मग बोलू. पासपोर्ट आला. पोरगं परदेशी गेलं. तरी मी गप्प. म्हणजे अडचण पासपोर्टची नव्हती. मी घाबरलो होतो आणि घाबरून राहण्याची मला सवय लागली होती. ग्राहक नवा असला तर तो खोटं नाव तर सांगत नाही ना, म्हणून मी पाहायचो. बायको फोनवर बोलली तर खूण करायचो, हळू बोल. आणि ज्या माणसाला मी या भीतीवरून चिडवलं होतं, तो चार घरं पलीकडे एकटा बसलेला होता. सकाळचा चहा सुटला तो सुटलाच. मागच्या आठवड्यात त्यांचं हृदय थांबलं. मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की माझं चुकलं. हे आता कोणाला म्हणू?

वकील मंडळी म्हणतात, माणूस गेला की त्याच्यावरचा खटला संपतो. पण त्या टेबलावर बसून त्यांची लेक, आपली वैशाली, शाळेच्या वह्या तपासायची. म्हणून तो न सापडलेला पेनड्राइव्ह आता तिच्या नावावर आहे. तिची नोकरी थांबली आहे. तिच्यावरचा खटला संपत नाही. आणि त्या खटल्यात पेनड्राइव्ह सापडला असं सांगणारे दोनच जण आहेत. एक जीपमधून आलेला. दुसरा मी.

वैशाली, बेटा, दुसरा तसं सांगणार नाही.

परवा दुपारी दुकान बंद करून मी दोन पानं लिहिली. आत्ता जे बोललो तेच त्यात आहे. उद्या ती तुझ्या वकिलांकडे देतो आणि कोर्टात बोलावलं की हेच बोलतो. मागच्या खुर्चीवरचे भाऊ सुरुवातीपासून मोबाइल धरून बसले आहेत. मी त्यांना ओळखत नाही, तुमच्यापैकी कोणी ओळखत असेल तर माहीत नाही. भाऊ, आवाज नीट येत नसेल तर पुढं या. माझं नाव केशव, दुकान गल्लीच्या तोंडाशी, खांबाखालीच आहे. तुमच्या कॅमेऱ्याखालीच रोज बसतो.

मला त्या पानांवर दोन पंच पाहिजेत. आपल्या वस्तीतले. मी हे आज तुमच्यासमोर सांगितलं, एवढ्याचेच साक्षीदार. पण तशीच सही कोणी करायची नाही. दाराजवळच्या टेबलावर पानं ठेवली आहेत आणि बाजूला दुकानातून आणलेले चष्मे आहेत, एक नंबरपासून तीनपर्यंत. ज्याला जो लागेल तो लावा. आधी पूर्ण वाचा. पटलं तरच सही करा.

आता दोन मिनिटं उभे राहू. फोन बंद नका करू, चालू राहू द्या. जो ऐकत असेल त्यालाही आपलं गप्प राहणं ऐकू द्या.

शामरावजी, मले उशीर झाला. पण या वेळी वाचून सही केली.

जय भीम.