रिकामा रकाना

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. त्यांची आई आत होती.

“डॉक्टर म्हणाले ना, फार लागलेलं नाही. मग तुझं तोंड का एवढं उतरलंय?”

“आईचं नाही गं, ताई. आमच्या कारखान्यात जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवलं. सगळ्या नोंदी मीच नव्यात हलवल्या.”

“बरं, मग?”

“विमानाचे बोल्ट तपासायचे राहिले असले, की जुन्यात तपासणीचा रकाना रिकामा ठेवायचे. नव्याला रिकामं चालतच नाही.”

“म्हणून तू काय भरलंस?”

“मी कशाला भरू? त्यानंच भरलं. ‘पास’.”

“अरे देवा! किती बोल्ट?”

“चाळीस. काल लक्षात आल्यावर गोदामात धावलो, तर कप्पा मोकळा.”

“साहेबांना सांगितलंस?”

“कोणत्या तोंडानं सांगू? खाली सही माझी आहे. सरळ जेलमध्ये टाकतील.”

“गेले कुठे ते बोल्ट?”

“आईला आत फार वेळ लागतोय ना?”

“विषय बदलू नकोस. कुठे गेले?”

“हवाई दलाच्या तळावर. भाऊजींच्या.”

तिनं पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि कानाशी धरला.

“काय म्हणाले, ताई?”

“बंद लागतोय. उड्डाण असलं की ते बंदच ठेवतात.”