पहिल्या तंबूचा माथा

…नाही नाही, पंखा-बिंखा नेऊ नका साहेब, तिथं हवा काय कमी आहे — हवा तर इतकी का मानूस वैतागते. अन् गाद्या कायले बांधता? खाट आहे तिथं, गादी आहे, मच्छरदानी आहे, खाली सतरंजी, कोपऱ्यात आरसा, मांगं न्हानी — मले विचारा ना, मीच शिवले ते तंबू. बाराच्या बारा. बसा, उभे काहून? तो ताडपत्रीचा तागा सरकवा तिकडं. एजी ऑफिसातून थेट इकडंच आले वाटते. बरं केलं, समुद्रावर पोरीबाळी घेऊन जाचं, तर पहिले विचारलेलं बरं. पाहू ते कार्ड. हं. रंगीत छापलं बाप्पा आता. ‘समुद्रकाठी शाही तंबूत मुक्काम.’ शाही. अन् खाली नाव कोनाचं? ईश्वरदासचं. माझं कुठं दिसते का पाहा बरं — नाही ना? नसनच.

आता तुम्ही विचारता म्हनून सांगतो, बाकी मले त्याच्याशी काही घेनं नाही. आम्ही दोघंही कोष्टी. त्याच्या घरचा माग अन् आमच्या घरचा माग, मधात एक भिंत — इकडचा धोटा खटकला का तिकडं ऐकू जाये. माग बंद पडले, तशे दोघंही एकाच दुकानात तंबू शिवाले लागलो. तेव्हा शिकारीचं काम लय. परदेशातून साहेबलोक वाघ माराले येत, अन् त्यायले जंगलात राजवाडा पाह्यजे — जेवाचा तंबू वेगळा, निजाचा वेगळा. मी शिवत जाओ, अन् ईश्वर काय करे? ईश्वर बोले. त्याले सरळ शिवन येत नव्हती साहेब, खोटं नाही सांगत, त्याची शिवन म्हनजे बैल मुतल्यासारखी — माफ करा — पन बोलनं असं का मडम लोक हसून हसून खुर्चीतून पडत. इंग्रजी चार शब्द. चारच. तेच उलटसुलट.

एक दिवस नवेगावकडं कॅम्प होता, आम्ही दोघं दुपारचे दोऱ्या आवळून राहिलो होतो. एक मडम आठ दिवसांत बंदुकीले हात नाही लावे, नुसती तंबूसमोर खुर्ची टाकून चहा पीत बसे. मी ईश्वरले म्हनलं, ‘हे पाय गा, वाघ नसला तरी मानसं येतीन. तंबू चांगला पाह्यजे फक्त.’ कोन म्हनलं? मी म्हनलं. म्हनून विसरून गेलो. पुढं सरकारनं शिकार बंद केली, शिकारीवाल्या कंपनीचे तंबू गोदामात पडले, उंदरं लागले, अन् यानं ते भंगारात उचलले अन् गेला थेट मालवणकडं, कोन्या ओळखीच्याच्या माडाच्या वाडीत. आम्ही हसलो. म्हनलं, कोष्ट्याचं पोट्टं समुद्रावर जाऊन काय मासे विनन? विनले ना. मासे नाही, मानसं विनले.

येईन का नाही म्हनता मजा? येईन ना. पन मी तुमच्या जागी असतो तर नसतो गेलो. मिठाची हवा — कपडे वाळत नाही, अंग चिकचिक करते, भाजीत रेती, अंथरुनात रेती. इतकी रेल्वे, मंग एसटी, घाटात पोरी ओकतीन. इथं रामटेक आहे, जाऊन या. घरवालीचं नाव काय म्हनले तुम्ही, चारुशीलाबाई ना? तिचीच हौस असन. हो ना. बायायलेच असते हे.

मागच्या चैत्रात ईश्वर आला होता इथं, हे बारा नवे शिवून घ्याले. जुने फाटले होते. त्यानं फोटो आनले. तुम्ही बसले तिथंच बसला अन् शामलेले — माझी बायको — दाखवू लागला: वहिनी हे पाहा, ही खाट, हा कंदील, समोर पाहा पानी. शामलेनं कन्हानच्या नदीपलीकडं पानी पाह्यलं नाही साहेब. तिनं फोटो हातात धरला तो धरलाच. मंग तिनं विचारलं, निजल्या निजल्या समुद्र दिसते का? तो म्हनते, ‘दिसते ना वहिनी, अन् नाही दिसला तर मी तंबू फिरवून देईन.’ अन् ती हसली. आता यात काय हसाचं होतं? तुम्हाले आलं हसू? नाही ना. पन ती हसली, मोठ्यानं, मले मशीन थांबवा लागली. अठरा वर्षं झाली लग्नाले. मी म्हनत नाही का काही होतं म्हनून. काही नव्हतं. तो तिले बहिनीसारखा. पन असं हसते ती, हे मले मालूमच नव्हतं.

जाता जाता म्हने, दोघंही या नाताळात, एक रुपया नका देऊ, पहिला तंबू तुमच्यासाठी रिकामा ठेवतो, थेट पान्याच्या सामोर. मी म्हनलं, काम आहे. तिनं फोटो मात्र परत नाही देल्ला त्याले. मी विचारलं तर म्हने असन इथंच कुठं. मंग एकदा मी वरचा डबा काढला, भिवापूरच्या मिरच्यांचा, तर त्यात. मिरच्यांच्या खाली. पुसून, कागदात गुंडाळून. मी तसाच ठेवून देल्ला. समुद्राच्या फोटोवर भांडाचं का बायकोसंग?

काय म्हनता? कोनी धाडलं तुम्हाले? मी तर समजलो, ऑफिसातल्या कोनी सांगतलं असन. ईश्वरनं? पत्र आलं त्याचं? वाचा. वाचा ना मोठ्यानं, मले बारीक अक्षर दिसत नाही आता… हं… पुन्हा वाचा तेवढं. ‘वाऱ्याची काळजी करू नये. आमचे तंबू नागपूरच्या मारोतरावांच्या हातचे आहेत, त्यांच्यासारखा कारागीर मी पाहिला नाही. खात्री करायची असल्यास त्यांनाच भेटा.’

असं लिहिते होय तो. सगळ्यायलेच लिहिते का? सगळ्यायलेच, म्हनता.

बरं… तंबू कोनता देल्ला तुम्हाले? नंबर असन ना. तिथं लिहिलं असन खाली.

एक.

नाही, मले नीट ऐकू आलं. एक. पान्याच्या सामोरचा. तो तर आमच्यासाठी ठेवनार होता ना — आम्ही नाही जात म्हनल्यावर देल्ला असन तुम्हाले. बरोबर आहे. तंबू काय रिकामा ठेवाची वस्तू आहे का. पोरी किती वर्षांच्या तुमच्या? सहा अन् चार. खाटा मधल्या खांबाजवळच असतीन. तिथंच टाकतात, डोक्यावर उंची असते म्हनून.

साहेब, एक सांगू का. मधला खांब जिथं कापडाले टेकते ना, तिथं माथ्यात चामडं घालतात. दोन कापडांच्या मधात. बाहेरून दिसत नाही. सगळा भार तिथं. ते चामडं म्हनजे तंबूचा जीव आहे. अकरा तंबूंत मी घातलं. एकात नाही घातलं. पुठ्ठा घातला. वह्यांचा असते तसा पुठ्ठा. वरून शिवन अशी पक्की मारली का ईश्वरच्या बापाले समजू नये. काहून म्हनजे? त्यानं पहिला तंबू म्हनलं ना, तोच, कापडावर नंबर मीच टाकले. मले वाटलं कोनी मोठा सेठ-बिठ उतरन त्यात, जेवाले बसला असन, अन् माथा फाटून कापड बसन त्याच्या अंगावर, सगळे पाहातीन, अन् ईश्वरचं तोंड कसं होईन — एवढंच. खांबाचं मनातच नाही आलं माझ्या. म्हनजे आलं. खांब सागवानी आहे, जड, मीच निवडला. पन त्याच्याखाली पोरी निजतीन असं नाही आलं. खरं सांगतो. दसऱ्यापासून उभा आहे तो तिथं, मिठाच्या हवेत. पुठ्ठा किती दिवस राहीन?

असं पाहू नका. हे मी कोनालेच नाही सांगतलं. बसा — नाही, बसू नका, तुम्ही लिहा. पेन आहे ना? तारेचा मजकूर लिहा. तुमच्या जान्याले चार दिवस आहेत, पन आजही कोनी निजलं असन त्यात. लिहा: पहिला तंबू उतरव. मारोती. बस. कारन? तारेत कारन लिहाले जागा नसते साहेब. तो विचारन तर… लिहा, ‘माथ्यात खोट.’ नाही. खोडा ते. ‘माथ्यात मी खोट ठेवली.’ ‘मी’ लिहिलं का? दाखवा. हो, तो ‘मी’ राहू द्या.

आता त्याच्या पत्रात पुढच्या वर्षी माझं नाव नसन. बरोबर आहे. नकोच. इतके दिवस मले वाटे का तो माझं नाव खाऊन राहिला…

शामला.

तू केव्हाची उभी आहेस वं तिथं? चहा ठेव खाली, सांडून राहिला. ठेव ना. साहेबायले सांगत होतो तंबूचं — काय काढून राहिली तिथून? चामडं कायले पाह्यजे? ते दाभन ठेव, हाताले लागन. तुले काय जमनार आहे ते काम, काज करनं वेगळं, माथा वेगळा. मी जाईन म्हनलं ना. नाही म्हनलं? बरं, आता म्हनतो, मी जातो, मी शिवून देतो त्याले तिथं जाऊन, झालं? ऐकून राहिली का? मेनाचा दोरा कायले बांधते पिशवीत? शामला. माझ्याकडं पाय जरा.

त्यायले काय विचारते गाडी किती वाजताची म्हनून? मले विचार.

साहेब, तुम्ही नका सांगू तिले. तुम्ही निघा. तारघर बंद होईन. कार्ड राहिलं तर राहू द्या, जा — जा म्हनलं ना.