अर्धा तास हलू नका

अर्धा तास हो! फक्त अर्धा तास! माणसाला अर्धा तास एका जागी बसता येऊ नये? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी जमिनीची थरथर मोजतोय... हो, थरथरते जमीन, आत्ता तुमच्या पायाखालचीही थरथरतेय, घाबरू नका, जाणवण्याइतकी नाही! डब्याएवढं यंत्र मातीवर ठेवायचं आणि वीस पावलांत कुणी फिरकायचं नाही, बस्स. माती किती मऊ, भूकंपाचा धक्का बसला तर कुठल्या तालात डोलेल, सगळं कळतं. परक्यांच्या जमिनी मोजल्या, निभावलं. या वेळी जमीन कुणाची? सख्ख्या ताईची, जिच्या घरात मी स्वतः राहतो!

घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं, बुजवलेल्या तळ्यावरचं. भाच्याचं लग्न ठरलं. वर मजला चढला तर ठीक, नाहीतर जागेअभावी तो वेगळं बिऱ्हाड करणार, आणि ताईला नेमकं तेच नको होतं. इंजिनिअर म्हणाला, आधी जमीन मोजा. ताई म्हणाली, मोजणारा घरचाच आहे की.

मांडलं यंत्र अंगणात. पाचव्या मिनिटाला ताई चहा घेऊन हजर! अगं, अर्धा तास... तर म्हणे, चपला काढून आलेय की रे. पुन्हा सुरू केलं. आता भावोजी! कुणी येऊ नये म्हणून राखण करतायत, यंत्राभोवती येरझाऱ्या घालून, काठी आपटत! त्यांना बसवलं, तर शेजारणीनं पाण्याची मोटर लावली. गेलो तिच्या विनवण्या करायला. फक्त अर्धा तास हो, वहिनी!

चौथ्या वेळी मात्र सगळे चिडीचूप. आकडे बघतो तर काय, ही माती म्हणावी की गादी? यंत्र उचललं... खाली घडी घातलेली रजई, कडेनं माती सारवलेली! मी शेजारणीकडे गेलो तेवढ्यात हा उद्योग. असा भडकलो म्हणता! ताई खाली मान घालून म्हणाली, "मऊ ठेवलं की कमी हलेल ना रे? बांधा म्हणून लिही. पोरगं जाईल माझं."

राग कुठल्या कुठे पळाला. काय सांगू तिला, मऊ मातीवर उलट जास्तच हलतं म्हणून?

रजई काढली, पाचव्यांदा मोजलं. ताई उंबऱ्यात श्वास रोखून. आकडा आला... जमिनीचा ताल आणि दुमजली घराचा ताल अगदी एक! म्हणजे धक्का बसला की जमीन घराला झोके देत बसणार. आता खोटं लिहू? बहिणीच्या डोक्यावर छप्पर पाडू? म्हटलं, "ताई, मजला नको." ती रजई उचलून आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी भाचा आला, होणाऱ्या सुनेला घेऊन. सगळं ऐकून पोरगी ताईला म्हणाली, "मग आतली खोली आम्हाला द्या. वेगळं राहून मला एकटीला करमायचं नाही." ताई रडता रडता हसली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

लग्न झालं. आतली खोली त्यांची, ताई स्वयंपाकघरात, आणि बाहेरच्या खोलीत दोन खाटा, एक माझी, एक भावोजींची. घर एकमजली राहिलं, धोका टळला म्हणतात सगळे. टळला! रोज जेवणानंतर भावोजी डोळे मिटतात, घोरायला लागतात, आणि माझी खाट हळूहळू दाराकडे सरकते... मोजत नाही मी आता. उशी कानावर घेतो आणि पडून राहतो.