हरभरा राहिलाय

(उमरगा, धान्याच्या मोंढ्यामागची गल्ली. जेवणं आटोपलेली. बंडप्पा आतल्या खोलीत पडलेत, बाहेर राउटरपाशी त्यांची बायको शिवकांता आणि मुलगा विरेश.)

शिवकांता : हळू बोल, आत ऐकू जाईल. समोरच्या कोंडाबाईच्या टीव्हीवर तुझ्या अप्पांचं नाव कसं काय आलं, तेवढं सांग मला.

विरेश : कुणाचं नाव?

शिवकांता : अप्पांचं! आत्ता दारात येऊन सांगून गेली. "शिवकांते, आमच्या टीव्हीत बंडप्पा दिसायलेत की गं."

विरेश : हां, ते होय! अव्वा, ते नाव मीच दिलंय. सकाळी हार्डडिस्क राउटरला लावली ना, तिला काहीतरी नाव द्यावं लागतं. अप्पांसाठीच करायलो म्हणून 'बंडप्पा' दिलं. आता त्यांना पलंगावर पडल्या पडल्या शिवप्रियाताईचं लग्न बघता येईल, बसवेश्वरांची वचनं ऐकता येतील. डिस्क इकडून काढा, तिकडं लावा, काही झंझट नाही.

शिवकांता : ते अप्पांच्या टीव्हीवर. कोंडाबाईच्या टीव्हीवर कशापायी?

विरेश : तिच्या घरात वायफाय कुणाचं आहे?

शिवकांता : आपलंच की. सगळ्या गल्लीला आपलंच हाय. तुझ्या अप्पांनीच दिलंय. दारातल्या रांजणाला कुलूप लावतेत का, म्हनले.

विरेश : झालं तर. आपल्या वायफायवर जो जो टीव्ही आहे त्याला ही डिस्क दिसणार. माझ्या ध्यानातच आलं नाही ते. पण तू एवढी घाबरतेस कशाला? लग्न तर सगळ्या गल्लीनं जेवून बघितलंय.

शिवकांता : लग्नाचं न्हाय रे. 'औषधं' म्हनून एक फोल्डर हाय त्यात.

विरेश : औषधं?

शिवकांता : म्या दिलं ते नाव. अप्पांच्या बोलन्याचं व्हिडिओ हायेत. बोलायला शिकवनाऱ्या सोलापूरच्या म्याडमला पाठवायला रोज काढते की म्या. मोबाईल भरला तवा तूच डिस्कात टाकायला शिकवलास. आन कोंडाबाईचं गुडघं धरलेत. म्हनली, त्यात औषधं दिसायलेत, गुडघ्याचं काय असलं तर बघते.

विरेश : अरे देवा. बघितलं तिनं?

शिवकांता : लावायलाच गेलीय घरी.

विरेश : म्हणजे बब्रुवानकाका पण बघणार.

शिवकांता : त्येच्यापायीच जीव खालवर व्हायलाय माझा. ल्योकच हाय तिचा, आईच्या शेजारी ताटावर बसलाय तो आत्ता. लकव्याचा झटका आल्यापासून मोंढ्यात अप्पांच्या जागेवर सौदा कोन पुकारायलंय? बब्रुवानच की. आन गल्लीला आपन काय सांगितलंय? डॉक्टरनं बोलायची बंदी केलीय. जीभच वळंना, हे कुनाला ठावं हाय का?

विरेश : नाही.

शिवकांता : किती दिवस तोंड उघडलं न्हाय त्यांनी. माझ्या तळहातावर बोटानं लिहून वचन घेतलं, 'फक्त म्याडम'. तवा कुठं 'गहू' म्हनले. हे कळलं तर परत तोंड मिटतील, विरू. आन मग न्हाय उघडायचं ते.

विरेश : थांब, बंद करतो. ...पासवर्ड मागतोय.

शिवकांता : मग घाल की. भिंतीवर लिहिलाय.

विरेश : तो वायफायचा. हा राउटरच्या आतला. सकाळी सेटिंगमध्ये ते मीडिया सर्व्हर चालू केलं तेव्हा बदलला मी. काय ठेवला होता... चुकीचा म्हणतोय.

शिवकांता : अप्पांचं नाव घालून बघ.

विरेश : घातलं. तुझं पण घातलं. आता म्हणतोय, थोड्या वेळानं प्रयत्न करा.

शिवकांता : थोड्या वेळानं म्हनं! उपस ती वायर.

विरेश : तशी उपसता येत नाही गं. हा दिवा लुकलुकतोय बघ, म्हणजे कुणीतरी बघायलंय. चालू डिस्क उपसली तर आतलं सगळं जाऊ शकतं. राउटर बंद केला तरी तेच.

शिवकांता : जाऊ दे सगळं.

विरेश : अव्वा, अप्पांचा मोंढ्यातला आवाज त्यातच आहे. पाडव्याच्या सौद्याचा, मी मोबाईलवर घेतलेला.

शिवकांता : तो पाडव्याचा?

विरेश : तोच. हमाल चहा टाकून पळत यायचे तो आवाज.

शिवकांता : आन दुसरीकडं कुठं ठिवला न्हाईस?

विरेश : ठेवणार होतो.

शिवकांता : ठेवनार व्हता! ...गप. ऐकू आलं का? समोरनं.

विरेश : अप्पांचाच आहे. 'ग... गहू.' केवढा मोठा केलाय आवाज!

शिवकांता : कोंडाबाईला कमी ऐकू येतंय. आगं बाई, अप्पांची खिडकी! पळ, लाव ती आधी.

विरेश : ...लावू देईनात. उठून बसलेत. डाव्या हातानं खिडकीचं दार धरून ठेवलंय.

शिवकांता : ऐकलं म्हंजे. काय म्हनले? तोंडाकडं बघितलंस का त्यांच्या?

विरेश : माझ्याकडं वळलेच नाहीत.

शिवकांता : बसवेश्वरा, काय करून बसलो आपन हे.

विरेश : आपण नाही. मी.

शिवकांता : आता 'तूर' येनार. म्याडम म्हनल्या, रोजच्या धंद्यातलं शब्द घ्या, म्हनून म्या गहू, तूर, हरभरा घेतलं. तुरीला लई वेळ लागतोय त्यांना. बघ, अडकले. मलाच ऐकवंना.

बब्रुवान : तूर! बोला अप्पा, बोला! तुरीचं बोला!

विरेश : ऐकलंस? चेष्टा करायलाय. सौद्यातल्यासारखा ओरडतोय मुद्दाम, सगळ्या गल्लीला ऐकू जावं म्हणून.

शिवकांता : उपस.

विरेश : अव्वा, पाडव्याचा आवाज...

शिवकांता : गेला तर गेला. मानूस बसलंय तिकडं खिडकीत. उपस म्हनते ना!

विरेश : ...उपसली. दिवा गेला.

शिवकांता : समोरचं बी गप झालं.

विरेश : मी आत जाऊ का? अप्पांच्या पाया पडतो.

शिवकांता : थांब जरा. मला बी धीर व्हईना आत जायला.

बब्रुवान : ओ विरेश! बंद का पडलं रं? लाव की परत!

विरेश : काही नाही काका, लाईट गेली!

बब्रुवान : कुठं गेलीय? आमचा पंखा फिरायलाय की. ...अप्पा! खिडकीत तुमीच हाव नव्हं?

शिवकांता : आता काय बोलतोय आनि ह्यो मेला.

बब्रुवान : आवं, आमाला सांगायचं की. आमी म्हनलं, डॉक्टरनं बंदी केलीय, म्हनून दारात बी येत नव्हतो. तुमच्या जागंवर हुबं राहून घसा बसला माझा, एक हमाल वळून बघत न्हाय. आन हितं तुमी एकल्यानं सौदा पुकारताव व्हय?

विरेश : अव्वा, हा चेष्टा करायलाय का...

शिवकांता : गप. ऐकू दे.

बब्रुवान : गहू झाला, तूर झाली. हरभरा राहिलाय, अप्पा. पुकारनाऱ्यानं नाव घेतल्याबिगर पोतं हलत न्हाय, तुमीच शिकवलंय मला. बोला सावकाश. म्या अन् आई, आमी हितंच थांबलोय.

विरेश : अप्पा रडायलेत की काय? मी जाऊन लावतो खिडकी.

बंडप्पा : ह...

बब्रुवान : बोला.

बंडप्पा : हर... भ... ह... हरभरा.

विरेश : अव्वा, खिडकी?

शिवकांता : राहू दे उघडी.