एलिशा पंचांनी उचललेला दगड

मंडळी, ऐका! पेटीवाले, जरा थांबा. कीर्तनाआधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. ज्याचं या जगात कुणी उरलं नाही, त्याची वस्तू कुणाची? — बघा, पुढच्या रांगेतले तुमचे पंच छताकडे बघायला लागले!

तर आमच्या पिंपळवाडीचे एलिशा उजगरे. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. आवाज असा, की प्रार्थना म्हणायला लागले की शेजारच्या आळीतली कुत्री गप्प! ते निघाले यरुशलेमेला. आमच्याकडे नवं देऊळ बांधायला काढलं होतं. सगळ्यांनी गळ घातली — पंच, प्रभूच्या गावचा एक दगड आणा, कोनशिलेत बसवू. पंच शब्द देऊन बसले!

आता दगड आणणं सोपं वाटतं तुम्हाला? गेथशेमाने बागेत पंच वाकले — रखवालदार ओरडला. जैतुनांच्या डोंगरावर वाकले — वाटाड्या म्हणाला, येणारा जाणारा एकेक नेईल, तर डोंगर राहील का? प्रभूच्या कबरेपाशी तर इतकी रेटारेटी, की वाकायलाच जागा नाही! तिथं प्रार्थना केली म्हणता? छे! सगळा दिवस नजर जमिनीवर. हसा, हसा. तुम्हीही तेच केलं असतं.

शेवटचं ठिकाण होतं स्मारकाचं संग्रहालय. दुसऱ्या महायुद्धात परमुलुखात यहुदी लोकांची गावंच्या गावं गोळा करून मारली, त्यांची आठवण. भिंतीवर फोटो — आईचा हात धरून उभी असलेली लेकरं. वाटाड्या हळूच म्हणाला, मारणाऱ्यांतले पुष्कळ जण बाप्तिस्मा झालेले होते, रविवारी देवळात जाणारे. पंचांनी ऐकलं. वाईटही वाटलं. पण डोक्यात दगडच!

बाहेर बागेत एक मोठी शिळा होती, नि तिच्यावर छोटे छोटे दगड. ओरडणारं कुणी दिसेना! पंचांनी एक उचलला, "सापडला एकदाचा!" म्हणत कपाळाला लावला, रुमालात बांधला.

"भाऊ, तो जागेवर ठेवा."

मराठी! यरुशलेमेत! वळून बघतात तर बाकावर एक म्हातारी. आपल्या अलिबागकडची यहुदी बाई, सेगुलाबाई झिराडकर. लग्न होऊन तिकडे गेलेली. पंच म्हणाले, बाई, इथं पडला होता, आमच्या देवळाला हवाय.

"पडला नव्हता, भाऊ. मी ठेवला होता. आम्ही मेलेल्या माणसाला फुलं वाहत नाही, दगड ठेवतो. कुणीतरी येऊन गेलं, एवढं कळतं."

"तुमचं कोण होतं यांत?"

"माझं कुणी नाही. पण शिळेवर नाव आहे ना, त्या गावातलं एकही माणूस उरलं नाही. त्यांच्यासाठी कोण येणार? म्हणून मी येते." मग तिनं विचारलं, "तुम्ही कुठल्या देवळाचे?"

मंडळी, पंचांच्या गळ्यात क्रूस होता. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं! दिवसभर ज्या नावानं मिरवले, ते नाव त्या बाईसमोर तोंडातून निघेना. या माणसांचं सगळं नेलं, तेही आपलंच नाव लावणाऱ्यांनी — आणि आता एवढासा खडा उरला होता, तो नेणारे आपण! त्यांनी रुमाल सोडला, दगड जागेवर ठेवला. "ख्रिस्ती आहे, बाई," म्हणाले, पण इतकं हळू, की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती बाकावर जरा सरकली, जागा करून दिली. पंचांना मात्र तिच्या शेजारी बसवेना.

रिकाम्या हातानं घरी आले, आणि भर उपासनेत उभं राहून सगळं सांगितलं. अरेरे पंच, म्हणून उठू नका. अजून संपलं नाही.

तुमचं हे देऊळ सुरेख आहे. मघाशी आत येताना पायरीवर चपला काढल्या, तर तळव्याला काही खरखरीत लागलं. वाकून बघितलं. अक्षरं होती, झिजलेली — "आमची लाडकी रूथ". पुढचं तुमच्या चपलांखाली होतं. विचारलं, तर तुमच्यातलेच एक जण म्हणाले, मागच्या जुन्या कबरस्थानातले दगड आहेत, बुवा. त्यांचं आता कुणी राहिलं नाही, म्हणून पायऱ्यांना वापरले.

त्याच पायरीवर पाय देऊन मीही आत आलो, मंडळी. आज शेवटचा जयजयकार माझ्याच्यानं होणार नाही. जाताना चपला हातात घ्या, बाजूनं उतरा. आणि सकाळी पायऱ्या उचकटायला पहारी घेऊन या. मी जात नाही, इथंच आहे.