इथलं

मास्तर : बेबीच्या त्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं गं.

बायको : राहून गेलं कसलं! मी म्हणून म्हणून थकले. तुमचं डोकं कायम त्या शब्दकोशात.

मास्तर : त्यातूनच आठवलं. 'सोसणे'ला उदाहरणं हवी होती. 'तिने फार दुःख सोसले' लिहिलं. 'मला दूध सोसत नाही' लिहिलं. मग बेबीचं वाक्य घेतलं, 'मला इथली हवा सोसत नाही.'

बायको : पोरीचं दुखणं कोशात घालता? धन्य आहे! बरं, वाचा ते पत्र. तेव्हा ऑपरेशनमुळे माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, तुम्ही नुसता सारांश सांगितलात.

मास्तर : 'बाबा, मला आता इथलं सोसत नाही. काय करू ते कळवा.'

बायको : पुढे?

मास्तर : एवढंच.

बायको : मग हवा कुठाय त्यात?

मास्तर : अध्याहृत. म्हणजे, न लिहिलेला शब्द आपण धरायचा. मी हवा धरली.

बायको : का पण?

मास्तर : 'सोसत नाही' म्हणजे मानवत नाही. दुःखच असतं तर तिने 'सोसवत नाही' लिहिलं असतं, असं मला... थांब. थांब गं.

बायको : काय झालं?

मास्तर : 'इथलं' लिहिलंय. हवा असती तर 'इथली' आलं असतं. बेबी लिंगवचनात कधी चुकत नाही.

बायको : मग इथलं म्हणजे काय?

मास्तर : सगळंच.

बायको : अहो, फोनवर तर नेहमी 'बरी आहे' म्हणते!

मास्तर : फोनवर जावई शेजारी असतात. आणि हे बघ, पाकिटावर तिने आपला पत्ता घरचा दिलेला नाही. ती शिकवते त्या शाळेचा आहे.

बायको : पोर बुडताना हाका मारतेय, आणि तुम्ही काठावर बसून व्याकरण सोडवताय!

मास्तर : (चष्मा काढून डोळे पुसतात.)

बायको : रडा नंतर. आधी लिहा.

मास्तर : 'सौभाग्यवती...' नको. खोडतो. 'प्रिय बेबी.' पुढे सुचत नाही गं.

बायको : 'सोमवारी शाळेच्या फाटकाशी येतो. घरी परत जाऊ नकोस. अंगावरच्या कपड्यांनिशी नीघ.'

मास्तर : पत्राच्या आधी मीच पोचलो तर?

बायको : तर बरंच. पण तिने विचारलंय, तिला उत्तर मिळायलाच हवं.

मास्तर : आणि जावई आले तर? त्यांनी आवाज चढवला की माझी वाचाच बसते.

बायको : बोला म्हणतंय कोण? नुसते उभे राहा. तिच्या आणि त्याच्या मधे.

मास्तर : जमेल मला?

बायको : चला, पोस्टमनने पेटी उघडायच्या आत टाकू.

(कोपऱ्यावर, टपालपेटीपाशी.)

बायको : टाकलंत?

मास्तर : हो. पडल्याचा आवाज आला.

बायको : मग चला की. असे रस्त्यात मधेच काय उभे राहिलात? लोकांना वळसा घालावा लागतोय.

मास्तर : घालू दे. उभं राहून बघतोय.