कंदिलाचं झाकण नव्हे

दातांच्या दवाखान्यातल्या शांततेत डब्याचं झाकण टणकन वाजलं आणि आईच्या मांडीवर पेंगणारी लेक जागी झाली. समोरच्या आजोबांनी डब्यातून शंकूसारखं चकचकीत पितळ बाहेर काढलं होतं.

“अहो, इथेही आणलंत?” त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या.

“इथून थेट संग्राहक मंडळात जायचंय! कंदिलाचं झाकण म्हणून हसत होते ना सगळे? तोफगोळ्याच्या टोकावरचा, गोळा फोडणारा फ्यूज निघाला!”

“ओळखला कुणी?”

“मी!”

“आणि घासला कुणी?”

“जुनं पितळ घासायचं नसतं, हे शंभरदा सांगितलंय. आठवडाभर अबोला धरला होता मी.”

“तेवढाच माझ्या कानांना आराम. पण घासल्यावरच त्यावरचा ठसा दिसला ना?”

“दिसला गं बाई! आकडेसुद्धा दिसले. बरं, दोघांनी ओळखला.”

“आत्ता कसं बोललात!”

लेक मांडीवरून उतरून जवळ गेली.

“आजोबा, हे फुटेल?”

“छे, आता नुसतं टरफल आहे. हे आकड्यांचं कडं बघ, सातावर लावलंय. तोफ डागल्यावर सात सेकंदांनी गोळा फुटला असणार.”

लेकीने बोटांवर सात मोजले आणि ती वळली.

“आई, सात झाले तेव्हा तिथे कोण होतं?”